काळ्या पीटरचा माग

अमेरिकेतल्या जर्मन वंशाच्या लोकांना पूर्वज शोधायचा भारी नाद. पेनसिल्व्हेनियात १७२७ पासून जहाजातून उतरलेल्या परक्या पुरुषांना इंग्लंडच्या राजाशी निष्ठेची शपथ घ्यावी लागे. त्या शपथांच्या याद्या टिकल्या, म्हणून आज पणजोबांचे खापरपणजोबा सापडतात. तरी घोळ होतोच. म्युलर उतरला आणि मिलर झाला. डेटाबेसची 'की'च बदलली तर रेकॉर्ड निघणार कसं?

आपल्याकडे हे काम तीर्थोपाध्ये करतात. त्र्यंबकेश्वरला गेलात की वहीत आजोबांची सही दाखवतात. पण समुद्र ओलांडला की ती वही संपते.

मी राहतो त्या माउंट रॉस्किलमध्ये (ऑकलंडचं उपनगर) भाजी आणायला निघालं तरी वाटेत गुजराती, पंजाबी, फिजीचे हिंदुस्थानी असे सगळे भेटतात. सहज मनात आलं, आपल्या बाजूचा, कोकण-गोव्याचा, इथे सगळ्यात आधी कोण आला असेल? १८१० च्या सुमारास 'सिटी ऑफ एडिनबरो' जहाजावरचा एक हिंदी खलाशी उत्तरेकडे उतरून माओरींत राहिला, अशी नोंद आहे. पण नाव नाही, गाव तर नाहीच.

नाव असलेला माणूस भेटतो तो एडवर्ड पीटर्स. 'ते आरा' हा इथला सरकारी विश्वकोश त्याला गोव्याचा म्हणतो. १८५३ साली तो इथे आला. दक्षिणेत ओटागो प्रांतात मजुरी करताना १८५८ च्या सुमारास त्याला तुआपेकाच्या परिसरात सोनं दिसलं. त्याने ते लपवलं नाही, लोकांना सांगितलं. मे १८६१ मध्ये गॅब्रिएल रीडला त्याच भागात भरघोस सोनं लागलं, हजारो माणसं तिकडे धावली, आणि ती घळ आजही 'गॅब्रिएल्स गली' म्हणूनच ओळखली जाते. रीडला प्रांताने हजार पौंड दिले. पीटर्सला? काही नाही. माझ्या मते रीड चोर नव्हता, मेहनती होता. पण आधी कोणी सांगितलं होतं, हे सोयीने विसरलं गेलं.

आता याचा माग कसा काढायचा? 'पेपर्स पास्ट' नावाची साईट आहे, जुनी वर्तमानपत्रं फुकट वाचता येतात. (आपल्या जुन्या 'केसरी'चं असं काही हवं होतं, असं दर वेळी वाटतं. असो.) तिथे 'एडवर्ड पीटर्स' एवढंच घालून थांबू नका. 'ब्लॅक पीटर' घाला. गावाने त्याला तेच नाव दिलं होतं. त्याच्या मूळ घरी त्याला काय हाक मारत असतील, ते या नावातून निघत नाही, आणि बाप्तिस्म्याची वही शोधायची तरी कोणत्या चर्चमध्ये?

गंमत बघा, इथल्या चिनी कुटुंबांना पूर्वज त्या मानाने सोपे जातात. १८८१ च्या कायद्याने प्रत्येक चिनी माणसाकडून दहा पौंड डोईपट्टी घेतली जाई, पुढे १८९६ मध्ये ती शंभर पौंड झाली. अपमानच तो, २००२ मध्ये सरकारने माफीही मागितली. पण कर घ्यायचा म्हणजे नाव लिहून ठेवायला हवं! हिंदी लोकांवर ही पट्टी नव्हती, म्हणून तशी वहीही नाही. सरकारला तुमची भीती वाटली किंवा तुमच्याकडून पैसे हवे असले, तरच तुमची नीट नोंद होते.

पीटर्सची नोंद झाली ती उलट्या कारणाने, त्यालाच पैसे हवे होते म्हणून. म्हातारा, कफल्लक झाल्यावर त्याची बाजू घेणारे काही लोक पुढे आले. १८८५ मध्ये वर्गणी झाली आणि सरकारने पन्नास पौंड दिले. रीडच्या हजारासमोर पन्नास! १८९३ मध्ये तो वारला. ही मागणी झाली नसती तर आज त्याच्याबद्दल लिहायला फारसं काही उरलं नसतं.

२००९ मध्ये ग्लेनोर इथे त्याचं स्मारक झालं. अनावरण केलं गव्हर्नर जनरल आनंद सत्यानंद यांनी. त्यांचे आईवडील फिजीचे हिंदुस्थानी.

तुमच्यापैकी कोणाच्या घरात, गोव्यात किंवा खाली सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडे, '१८५० च्या आसपास एक काका जहाजावर गेले ते परत आलेच नाहीत' अशी गोष्ट सांगतात का? सांगत असतील तर आजीला नाव आणि गाव विचारून ठेवा. इथल्या बाजूचं मी बघतो.