दगडातले पान

नागपूरच्या उत्तरेला खापरखेडा आहे. लांबूनच तिथल्या वीजकेंद्राची धुरांडी दिसू लागतात. येथे वीज तयार होते, आणि दिवाळीत आपल्या दारावर लुकलुकणाऱ्या माळांत या गावचाही थोडा उजेड असेल. परंतु हे केंद्र येण्याच्या कितीतरी वर्षे आधी शेजारच्या सिल्लेवाड्याच्या खडकांची कीर्ती विलायतेतल्या विद्वानांपर्यंत पोचली होती, आणि ती पोचवली होती एका पाद्र्याने.

स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपुरात आले. उपदेश आणि शाळा यांतून सवड मिळाली की त्यांच्या हातात हातोडी येई. रॉबर्ट हंटर या आपल्या सोबत्याबरोबर त्यांनी नागपूरच्या आसपासचे खडक तपासले. सिल्लेवाड्याच्या वालुकाश्मात त्यांना पानांचे ठसे मिळाले. त्यांतले एक पान जिभेच्या आकाराचे. शास्त्रज्ञ त्याला ग्लॉसोप्टेरिस म्हणतात. सुमारे पंचवीस कोटी वर्षांपूर्वीचे ते पान, पण मधली शीर आणि बाजूच्या शिरांची जाळी कालपरवा उमटल्यासारखी! १८६३ च्या पावसाळ्यात पुराने फुगलेला ओढा घोड्यावरून ओलांडताना हिस्लॉप बुडाले. नागपुरातले त्यांच्या नावाचे कॉलेज त्यांची आठवण अजून राखून आहे.

त्या दगडातल्या पानाकडे पाहिले की मनात एक विचार येतो. पानाचे सारे काही जागच्या जागी आहे, फक्त रस तेवढा नाही. माणसाच्या धर्माचेही पुष्कळदा असेच होते. रविवारची उपासना चुकत नाही, जेवणापूर्वीची प्रार्थना तोंडपाठ असते, मुलांचे बाप्तिस्मे वेळच्या वेळी होतात; आणि एखाद्या संध्याकाळी एकदम जाणवते की देवाशी मनातले बोलल्याला कित्येक वर्षे झाली. हे दुखणे आजचे नाही. बायबलच्या शेवटच्या ग्रंथात इफिस शहरच्या मंडळीला दोष दिला आहे तो हाच: तुमचे कष्ट दिसतात, तुमचा धीर दिसतो, पण पहिले प्रेम कुठे गेले?

मग अशा वेळी माणसाने करावे काय? एका मराठी कवीने या प्रश्नाचे उत्तर आपल्या आयुष्यानेच दिले, आणि त्याच्या प्रवासाचा एक मोठा टप्पा नागपुरातूनच सुरू झाला.

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. पुढे ते नागपुरात आले आणि आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे काम करू लागले. १८९३ मध्ये राजनांदगावला नोकरी धरण्यासाठी ते नागपूरहून आगगाडीने निघाले. डब्यात एक गोरा गृहस्थ भेटला. गोष्टी संस्कृत काव्यापासून निघाल्या आणि धर्मावर आल्या. उतरताना त्याने टिळकांच्या हाती नव्या कराराची प्रत ठेवली आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांना पुस्तक प्रथम गोड लागले नाही. पण वाचण्याचा शब्द दिला होता म्हणून वाचत गेले, आणि डोंगरावरील प्रवचनापाशी येऊन थबकले. तिथून त्यांचा पाय निघेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. घर तुटले, आप्त दुरावले, लक्ष्मीबाईंपासून काही वर्षांची ताटातूट झाली. १९०० मध्ये लक्ष्मीबाईही ख्रिस्ती झाल्या.

गोष्टी-पुस्तकांतल्या कथा अशा ठिकाणी संपतात. टिळकांची मात्र संपली नाही. ते मिशनचे पगारी सेवक झाले, पाळक झाले, ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादक झाले. मान होता, काम होते, संसार स्थिरावला होता. तरीही आत कुठेतरी खुपत होते. ज्याच्यासाठी सर्वस्व सोडले त्याच्यात आणि आपल्यात संस्था, पगार, परक्या वळणाची उपासना असे एकेक काही येऊन बसले आहे, असे त्यांना वाटू लागले. १९१७ मध्ये, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षात, त्यांनी मिशनची नोकरी सोडली, ख्रिस्ती संन्यासाचा मार्ग धरला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. त्या दरबारात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती, तशी न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही होती. जवळीक हीच तिथली खूण.

हा वेडेपणा होता का? हिशेबाने पाहिले तर होता. उतारवयात महिन्याचा पगार सुटणे म्हणजे काय, हे घर चालवणाऱ्या बाईला विचारावे. पण आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक सांगत. तुकोबांनी पंढरीच्या ओढीला उपमा दिली आहे ती दिवाळीला माहेरच्या मुळाची वाट पाहणाऱ्या लेकीची. आपल्या आयाबहिणींना ती समजावून सांगायला नको. सासरी काही उणे असते म्हणून का ती वाटेकडे डोळे लावते? घर भरलेले असते, मुले अंगणात खेळत असतात, तरी जीव उंबऱ्यावर असतो. टिळकांचे तसेच झाले. त्यांनी नवा देव शोधला नाही की नवे मत काढले नाही. ते आपल्याच भाषेत, अभंगात आणि भजनात, पुन्हा माहेरी जाऊ पाहत होते. ‘अभंगांजली’ वाचताना ही आस पानोपानी लागते.

दरबार फार दिवस टिकला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक वारले. ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले. ते पुढे नेले लक्ष्मीबाईंनी. टिळकांवर कधी रुसत, कधी हसत त्यांनी लिहिलेली ‘स्मृतिचित्रे’ तर साऱ्या महाराष्ट्राने आपल्या घरची मानली. संस्था गेली, पण पतिपत्नींची गीते महाराष्ट्रातल्या मंडळ्यांत आजही म्हटली जातात. मागे काय राहते आणि काय जाते, याचा हा धडा लहान नव्हे.

टिळकांच्या या उत्तरकाळातून मला एवढेच कळते की मन कोरडे पडले म्हणजे श्रद्धा मेली असे नव्हे. कोरडेपणा बोचतो, तोवर आत ओल आहे. प्रत्येकाने नोकरी सोडून साताऱ्याला जावे असेही नाही. मध्ये जे येऊन बसले आहे ते ओळखावे, आणि आपल्या बोलीत पुन्हा एकदा हाक मारावी.

जाता जाता सिल्लेवाड्याच्या पानाविषयी एक सांगायचे राहिले. त्याच जातीच्या झाडांची रानेच्या राने गाडली जाऊन या भागातला दगडी कोळसा झाला. दगडात निजलेले ते पान कोट्यवधी वर्षे काळेठिक्कर पडून असते. पण विस्तव लागला की पेटते, आणि गावोगावच्या दिवाळीला उजेड देते.