विजारींचे हँगर आणि उद्याचे कारखानदार

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शिकागोतील एका छोट्या कंपनीला अमेरिकन लष्कराकडून कंत्राट मिळाले. माल अगदीच साधा होता : विजारी टांगण्याचे हँगर, एकूण १०,००० नग. नवल मालात नव्हते, कंपनीत होते. तिचा अध्यक्ष, खजिनदार, विक्रीप्रमुख आणि कारागीर ही सारी शाळकरी वयाची मुले होती.

ही कंपनी ‘ज्युनियर अचिव्हमेंट’ या संस्थेच्या छत्राखाली चालत होती. तरुणांना उद्योगव्यवसायाचे शिक्षण देणाऱ्या संघटनांमधली ही आद्य संघटनांपैकी एक. तिचा आरंभ मात्र कारखान्यात नव्हे, शेताच्या बांधावर शोधावा लागतो.

अमेरिकेत स्प्रिंगफील्ड नावाची गावे पैशाला पासरी आहेत. या कथेला त्यांपैकी दोन लागतात. पहिले ओहायो राज्यातले. तेथे १९०२ साली ए. बी. ग्रॅहम या शाळा-अधीक्षकाने शेतकऱ्यांच्या मुलामुलींचे एक मंडळ स्थापन केले. मुलांनी स्वतः मका पिकवायचा, मातीची पारख करायची, केलेल्या कामाची नोंद ठेवायची. पुस्तकातून शेती शिकवण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी परिणामकारक ठरला. अशा मंडळांमधूनच पुढे ‘फोर-एच’ चळवळ उभी राहिली आणि १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने कृषिविस्ताराच्या कामाला केंद्र सरकारचा निधी मिळू लागला.

पण ज्या शेतकरी घरांसाठी ही खटपट चालली होती, त्यांतली मुले शहरांकडे निघाली होती. १९२० च्या जनगणनेत अमेरिकेची नागरी लोकसंख्या प्रथमच ग्रामीण लोकसंख्येपेक्षा अधिक भरली. गिरणीच्या गावात वाढणाऱ्या मुलाला मक्याचा वाफा कोठून आणून द्यायचा?

येथे दुसरे स्प्रिंगफील्ड येते, मॅसेच्युसेट्स राज्यातले. १९१९ मध्ये तेथे तीन वजनदार गृहस्थ या प्रश्नाशी झुंजू लागले. थिओडोर व्हेल हे एटी अँड टी या अवाढव्य दूरध्वनी कंपनीचे सूत्रधार. होरेस मोझेस हे स्ट्रॅथमोर पेपर कंपनीचे प्रमुख. तिसरे मरे क्रेन, मॅसेच्युसेट्सचे माजी गव्हर्नर आणि माजी सिनेटर. अमेरिकन नोटांचा कागद बनवणाऱ्या घराण्यातले. तिघांपैकी दोघांचा धंदा कागदाचा, आणि मोझेस तर शेतावर वाढलेले. व्हेल यांनीही व्हरमाँटमधील आपल्या शेतीजवळ कृषिशाळेला आश्रय दिला होता. तेव्हा ग्रामीण मंडळांचा नमुना उचलून शहरात लावण्याची कल्पना त्यांना सुचावी, हे स्वाभाविकच होते. मक्याच्या जागी लाकूड, चामडे, पत्रा आणि कापड आले. वाफ्याच्या जागी कामाचे टेबल.

याच वर्षाची दुसरी बाजू पाहिल्याशिवाय या कल्पनेचे पूर्ण आकलन होत नाही. १९१९ हे अमेरिकेत संपांचे वर्ष होते. पोलादाच्या भट्ट्यांवर लाखो कामगारांनी काम थांबवले. सप्टेंबरात बॉस्टनच्या पोलिसांनीही संप पुकारला आणि तो मोडून काढणारे गव्हर्नर कॅल्विन कूलिज एका रात्रीत देशभर गाजले. रशियातील क्रांतीची धास्ती वृत्तपत्रांच्या रकान्यारकान्यांतून डोकावत होती.

त्यातला एक संप व्हेल यांच्या उंबरठ्यावरच झाला होता. एप्रिलमध्ये ज्युलिया ओकॉनर यांच्या नेतृत्वाखाली न्यू इंग्लंडमधील सुमारे ८,००० दूरध्वनी ऑपरेटर मुलींनी कानावरचे यंत्र उतरवले. युद्धामुळे दूरध्वनीचा कारभार तेव्हा सरकारच्या ताब्यात होता, तरी व्यवस्था व्हेल यांच्याच कंपनीची होती. यांतल्या बहुतेक मुली विशीच्या आसपासच्या होत्या. सहा दिवसांत सरकारला नमते घ्यावे लागले आणि पगारवाढ पदरात पडली. संपामुळेच ही संस्था जन्मली असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. परंतु कमावत्या वयाच्या मुलांना उद्योगाकडे कोणत्या नजरेने पाहायला शिकवावे, हा प्रश्न त्या वर्षी कोणत्याही भांडवलदाराला केवळ शैक्षणिक वाटला असेल, हे संभवत नाही.

व्हेल आणि क्रेन दोघेही १९२० मध्येच निवर्तले. पुढचा गाडा मोझेस यांनी ओढला. १९२५ मध्ये कूलिज, जे आता राष्ट्राध्यक्ष झाले होते, त्यांनी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर संस्थेच्या देशव्यापी निधीसंकलनाचा आरंभ करून दिला. क्रेन हे कूलिज यांचे राजकारणातले पाठीराखे होते, हे येथे लक्षात ठेवण्याजोगे.

आरंभीच्या हस्तकला-मंडळांना हळूहळू कंपनीचे रूप आले, आणि या शिक्षणाचा खरा प्राण तेथेच आहे. मुले आठवड्यातून एका संध्याकाळी जमत. वस्तू ठरवत, पदाधिकारी निवडत, आईवडील आणि शेजाऱ्यांना अल्प किमतीचे भाग विकून भांडवल उभारत. त्यातून कच्चा माल येई, माल बने, दारोदार विकला जाई. काम करणाऱ्याला मजुरी, विकणाऱ्याला दलाली. स्थानिक कंपन्यांतील अनुभवी माणसे सल्लागार म्हणून बसत. वर्षअखेरीस हिशेब मिटवून नफा उरल्यास भागधारकांना लाभांश दिला जाई आणि कंपनी विसर्जित होई. तोटा झाला, तर भाग घेणाऱ्या शेजारणीला तसे सांगण्याची जबाबदारीही मुलांचीच. ताळेबंद शिकवण्याची याहून चोख रीत सापडणे कठीण.

मात्र या रचनेत एक मेख होती. एकच मुलगा भागधारक, व्यवस्थापक आणि मजूर असे. त्यामुळे मजुरी वाढवली तर लाभांश घटतो, हे त्याला कळे. पण ती मजुरीच ज्याचे पोट आहे आणि तो लाभांश दुसऱ्याच्या खिशात जातो, अशा माणसाची बाजू त्याच्या अनुभवात येतच नसे. ऑपरेटर मुलींचा १९१९ चा झगडा या छोट्या कंपनीत उभाच राहू शकत नव्हता.

एव्हाना शाळांमध्येही हालचाल सुरू झाली होती. १९३७ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजातील प्राध्यापक हॅम्डेन फोर्कनर यांनी वाणिज्य शिकणाऱ्या विद्यार्थ्यांची राष्ट्रीय संघटना असावी असा प्रस्ताव मांडला. तिला ‘फ्यूचर बिझनेस लीडर्स ऑफ अमेरिका’ असे भारदस्त नाव मिळाले. गंमत अशी की, फोर्कनर यांचे नाव लघुलेखनाच्या एका पद्धतीलाही आहे. त्या काळी शाळेतल्या वाणिज्यवर्गाचा अर्थ टंकलेखन, लघुलेखन आणि जमाखर्च असा होता. बाकांवर मुलींची संख्या मोठी असे, आणि बहुतेकींपुढे वाट होती ती साहेबाच्या केबिनबाहेरच्या टेबलाची. त्यांना ‘उद्याचे उद्योगधुरीण’ म्हणणे हे उदार स्वप्न होते की गोड फसवणूक, यावर आजही वाद घालता येईल.

संघटनेची पहिली शाखा ३ फेब्रुवारी १९४२ रोजी टेनेसीतील जॉन्सन सिटी येथील सायन्स हिल हायस्कूलमध्ये निघाली. टेनेसीच्या कायद्याने ही शाळा केवळ गोऱ्यांची होती. त्याच गावातली कृष्णवर्णीय मुले लँगस्टन हायस्कूलमध्ये जात, आणि दोन्हींमधली भिंत १९६५ पर्यंत टिकली.

युद्धानंतर चित्र पालटले. युरोपात १९४८ च्या सुमारास सात देशांच्या विद्यार्थ्यांनी ‘आयसेक’ स्थापन केली. तिचा भर परदेशी कंपन्यांत उमेदवारी करण्यावर होता आणि कारभार विद्यार्थ्यांच्याच हाती. अमेरिकेत याच सुमारास शीतयुद्धाचे वारे वाहू लागले, आणि उद्योगपतींच्या संघटनांनी मुक्त उद्योगाचा पुरस्कार थेट शाळांपर्यंत नेला. ज्युनियर अचिव्हमेंटला या वाऱ्याचा मोठा लाभ झाला. बड्या कंपन्यांचा पैसा आला, शहराशहरांत मुलांच्या कंपन्या उभ्या राहिल्या.

१९७५ मध्ये संस्थेने ‘प्रोजेक्ट बिझनेस’ हा शाळेच्या वेळेत चालणारा पहिला उपक्रम सुरू केला. त्यात एखाद्या कंपनीतला स्वयंसेवक वर्गात येऊन मुलांना अर्थव्यवहार समजावून सांगे. संध्याकाळच्या कंपन्या त्यानंतरही चालू राहिल्या. परंतु या नव्या वर्गातल्या मुलांना ना भाग विकायचे होते, ना वर्षअखेरीस शेजारणीच्या दारात उभे राहायचे होते.