अंगण, कुरण आणि पाळणाघर : बोर्डी-कोसबाड येथील बालशिक्षणाच्या प्रयोगात घराचे स्थान

प्रस्तावना

शिक्षणाचा इतिहास बहुधा शाळांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. शाळा कोणी काढली, अनुदान केव्हा मिळाले, पटावर किती मुले होती, या नोंदी उपलब्ध असल्यामुळे अभ्यासकांचे लक्ष तेथेच केंद्रित होते. मूल सहाव्या वर्षी हजेरीपटावर येते आणि तेथून त्याच्या शिक्षणाची गणना सुरू होते. त्यापूर्वीची वर्षे घरात जातात. ती कशी जातात, त्या काळात मुलाला कोण शिकविते आणि शिकविणाऱ्यास त्यासाठी सवड कोठून मिळते, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात.

पालघर तालुक्याच्या किनारपट्टीवरील दांडी, उच्छेळी, नवापूर, मुरबे या गावांच्या संदर्भात हा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो. मच्छीमार घरात पुरुष समुद्रावर जातात. होडी किनाऱ्याला लागली की मासळी निवडणे, वाळत घालणे आणि बाजारात नेणे ही कामे स्त्रियांकडे येतात. अशा घरातील तीन वर्षांचे मूल आजीजवळ राहते आणि आजी नसेल तर थोरल्या बहिणीच्या कडेवर असते. 'मुलाचे पहिले शिक्षण घरीच होते' हे वाक्य शिक्षणशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आढळते; परंतु त्या घरात दिवसा मोठे माणूस असेल, हे त्यात गृहीत धरलेले असते.

याच किनाऱ्यावर उत्तरेस, डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे १९४५ मध्ये ताराबाई मोडक (१८९२-१९७३) आणि अनुताई वाघ (१९१०-१९९२) यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम सुरू केले. हा सर्व प्रदेश तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. पालघर हा स्वतंत्र जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला. बोर्डीच्या आणि पुढे कोसबाडच्या या प्रयोगाविषयी मराठीत पुष्कळ गौरवपर लेखन झाले आहे. प्रस्तुत लेखात त्याचा विचार घराच्या बाजूने केला आहे.

सवड असलेली घरे

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात घरी शिकण्याची जी उदाहरणे प्रसिद्ध आहेत, ती प्रामुख्याने मुलींची आहेत. कारण शाळेचा दरवाजा त्यांच्यासाठी बंद किंवा जेमतेम किलकिला होता. अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकविले आणि त्यापायी समाजाचा रोष पत्करून सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात वास्तव्य केले. पुढे लक्ष्मीबाईंनी आपल्या मुलीला शिकविले. हीच मुलगी पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) म्हणून विख्यात झाली. हा पाठ भल्या पहाटे होत असे. पेंगुळलेल्या मुलीला लाडीगोडीने उठवून, पुस्तक हाती न देता, आई मुखानेच पाठ देई. पहाटेची ही वेळ लक्षात घेण्यासारखी आहे. दिवसाचा उरलेला भाग गृहकृत्यांनी व्यापलेला होता आणि शिक्षणासाठी वेळ काढायचा तर तो झोपेतूनच काढावा लागे.

रमाबाई रानडे यांचे उदाहरण काहीसे निराळे आहे. १८७३ मध्ये महादेव गोविंद रानडे यांच्याशी विवाह झाला, तेव्हा त्या बालवयातच होत्या आणि त्यांचे शिक्षण पतीने घरी आरंभिले. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना ते रुचले नाही. एकाच घरात शिकविणारा आणि शिकण्यास विरोध करणाऱ्या, असे दोन्ही पक्ष नांदत होते, हे रमाबाईंच्या १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींतून स्पष्ट दिसते. घर म्हणजे प्रेमळ पाठशाळा, ही आज रूढ असलेली कल्पना या आठवणी वाचल्यावर टिकत नाही.

तरीही या दोन्ही घरांत एक गोष्ट समान होती. तेथे निदान एक तरी साक्षर प्रौढ व्यक्ती होती आणि ती थोडा तरी वेळ काढू शकत होती. ज्या घरांत यांपैकी काहीच नव्हते, त्यांचा विचार सक्तीच्या शिक्षणाच्या चर्चेतून पुढे आला. महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेले निवेदन, बडोद्याचा १९०६ चा आणि शाहू महाराजांचा १९१७ चा सक्तीचा निर्णय ही त्याची ठळक टप्पे सांगणारी उदाहरणे होत. मात्र या सर्व उपायांचा रोख शाळेच्या वयाच्या मुलांवर होता. त्याहून लहान मूल घराच्या स्वाधीन राहिले.

भावनगर ते बोर्डी

लहान मुलाचा प्रश्न प्रथम मध्यमवर्गीय पालकाच्या चिंतेतून उभा राहिला. गिजुभाई बधेका (१८८५-१९३९) हे मूळचे वकील. स्वतःच्या मुलाला कसे शिकवावे, या विचारातून ते माँटेसरीच्या ग्रंथांकडे वळले आणि १९२० मध्ये त्यांनी भावनगर येथील दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. ताराबाई मोडक तेथे त्यांच्या सहकारी झाल्या. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. १९३६ मध्ये ताराबाईंनी मुंबईत दादर येथे शिशुविहार सुरू केले.

या परंपरेत एक विसंगती होती. मारिया माँटेसरीचे पहिले बालगृह १९०७ मध्ये रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत, भाडेकरूंच्या इमारतीतच निघाले होते. आईवडील कामावर गेले की मागे राहणाऱ्या मुलांनी इमारतीची नासधूस करू नये, ही मालकवर्गाची अगदी व्यावहारिक अडचण त्यामागे होती. म्हणजे ती शाळा घराच्या पोटातच जन्मली होती आणि श्रमिक आईच्या गैरहजेरीतून जन्मली होती. भारतात येईपर्यंत मात्र या पद्धतीची ओळख महागड्या साधनांची आणि सुस्थित घरांतील मुलांची पद्धत अशी झाली. १९३१ मध्ये लंडन येथे माँटेसरीच्या प्रशिक्षण संस्थेत बोलताना गांधीजींनी भारतातील गरीब मुलांचा प्रश्न मांडला, तो या पार्श्वभूमीवर समजून घ्यावा लागतो.

ताराबाईंनी दादर सोडून बोर्डी गाठली, ती याच प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी. अनुताई वाघ या बालविधवा. पुण्यातील शिक्षिकेचे काम सोडून त्या येथे आल्या. त्या वेळी ताराबाईंचे वय पन्नाशी ओलांडलेले होते.

बोर्डी त्या काळी शैक्षणिकदृष्ट्या मागासलेले गाव नव्हते. तेथे माध्यमिक शाळा होती आणि आचार्य भिसे यांच्यासारखे ध्येयवादी शिक्षक होते. परंतु गावाबाहेरील वारली पाड्यांवरचे जीवन वेगळे होते. १९४५ याच वर्षी डहाणू आणि उंबरगाव भागात किसान सभेच्या नेतृत्वाखाली वेठबिगारीविरुद्ध वारल्यांचा लढा उभा राहिला आणि ऑक्टोबरमध्ये तलवाडा येथे पोलिसांच्या गोळीबारात वारली मारले गेले. गोदावरी परुळेकर यांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या ग्रंथात या काळाचे प्रत्यक्षदर्शी वर्णन आहे. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी नवराबायको सावकाराच्या घरी राबत, त्यांना 'लग्नगडी' म्हणत. बालशिक्षणाच्या इतिहासात या लढ्याचा उल्लेख सहसा येत नाही आणि लढ्याच्या इतिहासात बालवाडीचा येत नाही. वस्तुतः ज्या घरातील आईवडिलांचा वेळच त्यांच्या मालकीचा नव्हता, त्या घरातील मुलाचे शिक्षण हा दोन्हींना जोडणारा विषय आहे.

अंगण

आरंभी केंद्राने गावाच्या मध्यभागी नेहमीप्रमाणे बालवाडी भरविली. दलित वस्तीतील आणि पाड्यांवरील मुले तेथे येत नसत. त्यांना आणणारे कोणी घरी नव्हते, वस्त्यांमधील अंतर केवळ पावलांचे नव्हते आणि सवर्ण वस्तीत जाऊन बसण्याचा संकोचही होता. तेव्हा बालवाडीच वस्तीत नेण्यात आली. एखाद्या घरापुढील सारवलेल्या अंगणात मुले जमवावयाची आणि तेथेच काम करावयाचे, ही ती पद्धत. मध्यवर्ती बालवाडी आणि अंगणवाडी असे दोन प्रकार यातून निर्माण झाले.

या स्थलांतराने शिक्षणाचा आशयही बदलला. माँटेसरीची साधने परवडणारी नव्हती. त्यांची जागा शंख-शिंपले, खडे, बिया, पाने-फुले यांनी घेतली. मोजणे, वर्गीकरण करणे, लहान-मोठे ओळखणे, रंग पारखणे हे सर्व त्यातून साधता येत होते. पाठ संपला तरी साधने जागच्या जागीच राहत. कारण ती अंगणातलीच होती. मूल ती पुन्हा उचलू शकत होते. घरी चालणारे शिक्षण म्हणतात ते याहून वेगळे काय असते, असा प्रश्न येथे विचारता येईल.

दिवसाची सुरुवात बहुधा स्वच्छतेने होई. मुलांना अंघोळ घालणे, नखे कापणे, केस विंचरणे ही कामे शिक्षिका स्वतः करीत. त्यानंतर गाणी, गोष्टी, खेळ. स्वच्छतेवरील या भराबाबत शंका घेण्यास जागा आहे. गरिबाचे मूल प्रथम धुऊन घ्यावे लागते, या उच्चवर्णीय दृष्टीचा अंश त्यात नव्हता असे म्हणता येणार नाही. मात्र त्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ज्या काळात स्पर्शाचा विटाळ मानला जात होता, त्या काळात बाहेरून आलेली ब्राह्मण घरातील स्त्री दलित वस्तीच्या अंगणात बसून तेथील मुलाचे केस विंचरते, ही घटना सर्वांच्या देखत घडत होती. भिंतींच्या आत भरणाऱ्या शाळेत ती कोणास दिसली नसती. शिवाय अंगणात आयाही येता-जाता उभ्या राहत. पालकसभा बोलवावी लागत नव्हती.

कुरण आणि पाळणा

१९५७ च्या सुमारास हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर आले. अनुताईंनी आपल्या आत्मकथनास 'कोसबाडच्या टेकडीवरून' असेच नाव दिले आहे. येथे लाभार्थी मुख्यत्वे वारली मुले होती आणि येथेच या प्रयोगातील सर्वांत महत्त्वाचे निरीक्षण पुढे आले : मूल शाळेत का येत नाही, याचे कारण मुलात नसून घराच्या कामवाटणीत आहे.

मुलगे गुरे राखत. सकाळी गुरांमागे गेलेला मुलगा सायंकाळी परते. मुंबईच्या तबेल्यांना गवत पुरविणारा हा प्रदेश. येथे गवत कापणी हा हंगामाचा मोठा रोजगार होता आणि त्या दिवसांत घरे ओस पडत. शाळेची घंटा या वेळापत्रकाशी कधीच जुळणारी नव्हती. गैरहजेरीबद्दल पालकांना दोष देण्याऐवजी शिक्षकाने गुराख्यांबरोबर रानात जावे, असे ठरले. गुरे चरत असताना सावलीत पाठ घ्यावयाचा, ही कुरणशाळा. जे दिवसा कामाला जात, त्यांच्यासाठी रात्रशाळा होती.

मुलींची अडचण अधिक बिकट होती. सात-आठ वर्षांची मुलगी ही घरातील धाकट्या भावंडांची प्रत्यक्षातील आई असते. तिला शाळेत बोलाविले तर तान्हे मूल कोणाजवळ ठेवावयाचे? या प्रश्नाचे उत्तर म्हणून विकासवाडीची योजना आकारास आली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. मुलगी कडेवरचे मूल घेऊन येई, ते पाळणाघरात ठेवी, मधल्यास बालवाडीत सोडी आणि स्वतः वर्गात बसे. लहान भावंड रडू लागले तर हाकेच्या अंतरावर ती असेच.

शैक्षणिक सुधारणेच्या इतिहासात पाळणाघर ही किरकोळ सोय म्हणून नोंदविली जाते. येथे तो सर्व रचनेचा पाया होता. पाळणाघर बंद झाले असते, तर पहिल्या इयत्तेतील मुली त्याच दिवशी घरी गेल्या असत्या. घरी होणारे बालसंगोपन हे श्रम आहेत आणि ते बहुधा एका लहान मुलीच्या वाट्याला येतात, ही गोष्ट कोसबाडच्या या आवाराने मान्य केली होती. अर्थशास्त्राच्या परिभाषेत ती येण्यास त्यानंतर बराच काळ लागला.

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले. १९७३ मध्ये त्यांच्या निधनानंतर अनुताईंनी कोसबाडचे काम पुढे चालविले; १९८४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १९८२ मध्ये त्यांनी रमेश पानसे यांच्यासह ग्राममंगल या संस्थेची स्थापना केली आणि डहाणू तालुक्यातच आदिवासी मुलांसाठी नवे प्रयोग सुरू झाले.

शब्दाचा प्रवास

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांनिशी सुरू झाली. तिच्या केंद्रासाठी 'अंगणवाडी' हा शब्द स्वीकारला गेला आणि तो भारतभर पोहोचला. पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आहार व आरोग्य शिक्षण आणि पूर्वप्राथमिक शिक्षण अशा सहा सेवा या एकाच केंद्रावर सोपविण्यात आल्या. योजनेचे मोल निर्विवाद आहे. कुपोषणाचा प्रश्न असलेल्या पालघरसारख्या भागात तर ते अधिकच जाणवते. परंतु शब्द घेतला गेला, तेव्हा त्यातील अंगण मागे राहिले. केंद्राला इमारत आली, नोंदवह्या आल्या, ठरलेली वेळ आली. बोर्डीत शिक्षिका घराकडे जात असे. येथे पुन्हा मुलाने केंद्राकडे यावयाचे होते. गुरांमागे जाणाऱ्या आणि भावंड सांभाळणाऱ्या मुलांसाठी केलेली जुळवणी या आराखड्यात नव्हती. पूर्वप्राथमिक शिक्षण ही सहा सेवांपैकी एक झाली, आणि आहार व नोंदी यांच्या ओझ्याखाली सर्वांत आधी तीच मागे पडते, हे या क्षेत्रात काम करणाऱ्यांना सांगण्याची आवश्यकता नाही.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा हा वयोगट निश्चित केला. त्यामुळे सहा वर्षांखालील मूल हक्काच्या परिघाबाहेर राहिले. २०२० मध्ये दोन गोष्टी एकाच वर्षी घडल्या. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा पायाभूत टप्पा मान्य केला. आणि महामारीमुळे शाळा व अंगणवाड्या बंद होऊन सर्व मुलांचे शिक्षण घरावर येऊन पडले. 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' या राज्याच्या मोहिमेत पालकांकडून जी अपेक्षा होती, ती ज्या घरात मोबाइल एकच, तोही कामावर जाणाऱ्याच्या खिशात, तेथे पूर्ण होणे कठीण होते. शंख-शिंपले आणि बिया मात्र दांडीच्या किनाऱ्यावर होत्याच. त्यांचे काय करावयाचे, हे आईला दाखविणारे कोणी अंगणात येत नव्हते.

२०२२ मध्ये केंद्र सरकारने मिशन शक्ती अंतर्गत 'पाळणा' ही योजना आणली. तीत अंगणवाडीस पाळणाघर जोडण्याची तरतूद आहे. थोरल्या मुलीच्या कडेवरचे मूल उतरवून ठेवण्यासाठी कोसबाडच्या आवारात अशी एक खोली याआधीच होती.