पूलचे जगज्जेतेपद अमेरिकेबाहेर कसे गेले

सहा खिशांच्या टेबलावर, क्यू नावाच्या निमुळत्या काठीने पांढऱ्या चेंडूला टोला देऊन रंगीत चेंडू खिशात घालण्याचे जे अनेक खेळ अमेरिकेत वाढले, त्यांना मिळून पूल असे म्हणतात. या खेळाचे जागतिक अजिंक्यपद आज ज्या स्पर्धेने ठरते ती नाइन-बॉल विश्वविजेतेपद स्पर्धा १९९० साली जर्मनीतील बेर्गहाइम येथे प्रथम भरली. खेळाचे वय पाहता हे फारच उशिरा घडले, कारण न्यूयॉर्कमध्ये १८७८ पासूनच पूलचे विजेतेपद लढवले जात होते आणि त्याचा पहिला मानकरी, सिरिल डिऑन, हा मूळचा कॅनडाचा होता. मधल्या शतकभरात जगज्जेता ही पदवी अनेकांनी मिरवली, पण तिचा निवाडा अमेरिकेतच होई. तो अधिकार अमेरिकेच्या हातून कसा सुटला, हाच या स्पर्धेच्या इतिहासाचा गाभा आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विजेतेपदाचा खेळ म्हणजे 'स्ट्रेट पूल' होता. त्यात पंधरापैकी चौदा चेंडू खिशात गेले की ते पुन्हा त्रिकोणात मांडले जात, पंधरावा जागेवरच राही आणि खेळाडूची पाळी न तुटता चालू राही. प्रत्येक चेंडूला एक गुण, आणि कोणता चेंडू कोणत्या खिशात जाणार हे आधी सांगण्याचे बंधन. विली मॉस्कोनी यांनी १९४१ ते १९५७ या काळात पंधरा वेळा हे विजेतेपद मिळवले, आणि १९५४ साली ओहायोतील स्प्रिंगफील्ड येथे एका प्रदर्शनी सामन्यात सलग ५२६ चेंडू खिशात घातले. हा खेळ संयमाचा होता. एक खेळाडू तासभर खेळत राही आणि दुसरा खुर्चीवर बसून राही, त्यामुळे तो जाणकारांपुरताच उरत गेला.

त्याच काळात पैजेच्या टेबलांवर नाइन-बॉल फोफावत होता. यात एक ते नऊ क्रमांकांचे चेंडू चौकटच्या आकारात मांडतात; प्रत्येक फटक्यात पांढऱ्या चेंडूने टेबलावरील सर्वांत लहान क्रमांकाच्या चेंडूला प्रथम स्पर्श करावा लागतो, आणि नववा चेंडू नियमानुसार ज्याच्या फटक्याने खिशात जातो त्याने डाव जिंकला. डाव काही मिनिटांत संपतो, प्रत्येक डावाचा हिशेब तिथल्या तिथे चुकता होतो, म्हणून जुगाराला तो फारच सोयीचा ठरला. अनोळखी गावात जाऊन आपले कौशल्य लपवायचे आणि मग पैज वाढवीत न्यायची, हा 'हसलर' मंडळींचा उद्योग याच खेळावर पोसला. इलिनॉय राज्यातील जॉन्स्टन सिटी या लहानशा गावी १९६१ पासून अशाच खेळाडूंच्या स्पर्धा भरू लागल्या आणि तिथे खेळाइतकाच जुगारही चाले. १९७२ साली केंद्रीय तपास अधिकाऱ्यांच्या छाप्याने त्या संपल्या. पुढे १९८६ साली 'द कलर ऑफ मनी' या चित्रपटाने नाइन-बॉल सर्वसामान्य प्रेक्षकांपर्यंत नेला, परंतु खेळाची खरी घडण बदलली ती एका नियमाने. जुन्या पद्धतीत अडचणीत सापडलेला खेळाडू पांढरा चेंडू सोयीच्या जागी ढकलून मोकळा होऊ शकत असे; नव्या नियमाने ही सवलत डावाच्या आरंभापुरती ठेवली आणि एरवी कोणतीही चूक झाली की प्रतिस्पर्ध्याला पांढरा चेंडू हवा तिथे ठेवण्याचा हक्क दिला. साहजिकच इतर चेंडूंआड लपलेल्या चेंडूपर्यंत टेबलाच्या कडांवर आपटवून पोचण्याची विद्या, जी पूर्वी शोभेची होती, ती आता पोटापाण्याची झाली.

या विद्येचे माहेरघर अमेरिकेत नव्हते. फिलिपीन्सवर १८९८ ते १९४६ अमेरिकेचा अंमल होता आणि त्या अमलाबरोबर पूलची टेबले तिथे रुजली; लोकप्रिय झाला तो 'रोटेशन' हा प्रकार, ज्यात पंधराही चेंडूंना क्रमांकाच्या क्रमानेच लक्ष्य करावे लागते. टेबलावर चेंडूंची इतकी गर्दी असताना नेमका एकच चेंडू गाठायचा, तर कडांचा आधार घ्यावाच लागतो. पाम्पांगा प्रांतात १९५४ साली जन्मलेले एफ्रेन रेयेस मनिलात काकांच्या पूलगृहात वाढले आणि तिथल्याच टेबलावर रात्री झोपत. १९८५ साली ते सीझर मोरालेस या नावाने अमेरिकेत खेळायला गेले, कारण त्यांच्या खऱ्या नावाची ख्याती आधीच तिथे पोचली होती. १९९४ साली अमेरिकेची खुली नाइन-बॉल स्पर्धा जिंकणारे ते पहिले परदेशी खेळाडू ठरले.

भारतात याच खेळकुळाची दुसरी शाखा वाढली. ब्रिटिश अमलामुळे आपल्या क्लबांत आले ते बारा फुटी टेबल आणि त्यावरचे बिलियर्ड्स व स्नूकर. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली कोलकात्यात हौशी बिलियर्ड्सचे विश्वविजेते झाले, मुंबईचे मायकेल फरेरा यांनी पुढे तोच मान तीन वेळा मिळवला आणि १९९२ साली गीत सेठी यांनी व्यावसायिक बिलियर्ड्सचे जगज्जेतेपद मुंबईतच जिंकले. कोणत्या देशात कोणते टेबल पोचले हे राज्यकर्त्यांनी ठरवले. नाइन-बॉलच्या विजेत्यांच्या यादीत भारतीय नाव नाही, याचे मोठे कारण हेच होय, गुणवत्तेचा अभाव नव्हे.

जागतिक पूल संघटनेने भरवलेल्या पहिल्या दोन्ही स्पर्धा अमेरिकेचे अर्ल स्ट्रिकलँड यांनी जिंकल्या. मात्र १९९३ साली तैवानचे चाओ फाँग-पांग आणि १९९४ साली जपानचे ताकेशी ओकुमुरा विजेते झाले, आणि १९९८ पर्यंतच्या नऊ स्पर्धांपैकी अमेरिकेकडे चारच राहिल्या. १९९९ साली तर जगज्जेतेपदे दोन झाली : संघटनेची स्पर्धा स्पेनमधील अलिकांते येथे भरली आणि ती निक व्हार्नर यांनी जिंकली, दुसरी, स्नूकरचे ब्रिटिश आयोजक बॅरी हर्न यांच्या मॅचरूम संस्थेची व्यावसायिक स्पर्धा, वेल्समधील कार्डिफ येथे झाली आणि तिच्या अंतिम सामन्यात रेयेस यांनी चांग हाओ-पिंग यांना १७-८ असे हरवले. संघटनेने नंतर कार्डिफचे विजेतेपदही मान्य केले. या मान्यतेचे श्रेय आयोजकांच्या व्यवहारचातुर्याला दिले जाते. पण रेयेस यांच्यासारखा विजेता नसता, तर त्या मान्यतेला आजचे वजन आले असते असे वाटत नाही.

कार्डिफच्या २००२ सालच्या स्पर्धेची आठवण आजही व्याकूळ करते. स्पर्धा चालू असताना फिलिपीन्सचे फ्रान्सिस्को बुस्तामान्ते यांच्या तान्ह्या मुलीचे निधन झाले. तरीही ते खेळत राहिले, अंतिम फेरीत पोचले आणि स्ट्रिकलँड यांच्याकडून १५-१७ असे हरले. २००५ साली तैवानमधील काओशुंग येथे वू चिया-चिंग या अवघ्या सोळा वर्षांच्या मुलाने देशबांधव कुओ पो-चेंग यांना १७-१६ असे हरवले. त्याच्याहून लहान वयाचा विजेता या स्पर्धेला आजवर मिळालेला नाही. २००६ व २००७ साली स्पर्धा मनिलात झाली. नंतर मात्र आर्थिक पाठबळाअभावी दोन वर्षे ती भरलीच नाही. २०१० साली कतारमधील दोहा येथे ती पुन्हा सुरू झाली, आणि त्या वर्षी विजेते झाले बुस्तामान्तेच.

दोहात अंतिम सामना सतराऐवजी तेरा डाव आधी जिंकण्याचा झाला. चित्रवाणीच्या दृष्टीने हे सोयीचे असले, तरी खेळाच्या दृष्टीने ते नुकसानकारक होते, कारण नाइन-बॉलमध्ये मांडलेले चेंडू फोडणाऱ्या आरंभीच्या फटक्यात नशिबाचा वाटा मोठा असतो आणि सामना जितका लांब, तितका तो वाटा कमी होतो. २०२४ पासून स्पर्धा सौदी अरेबियातील जेद्दा येथे भरते. एकूण बक्षीस दहा लाख डॉलर आणि अंतिम सामना पंधरा डाव आधी जिंकण्याचा. लांबी थोडी वाढवली हे चांगले झाले, पण जगज्जेतेपदाचा निवाडा सतरा डावांखाली होऊ नये. २०२५ साली तिथे अमेरिकेकडून खेळणारे, पण जन्माने रशियन असलेले गतविजेते फेडोर गोर्स्ट यांना फिलिपीन्सचे कार्लो बियाडो यांनी १५-१३ असे हरवले. २०१७ साली दोहात जिंकलेले बियाडो हे जगज्जेतेपद दोनदा मिळवणारे पहिले फिलिपिनो होत.