लढतीच्या खेळांसाठी कंट्रोलर : पॅड, स्टिक की बटणे?

दांडपट्ट्याची मूठ लोखंडी खोबणीच्या आत असते. मनगट जखडलेले राहते आणि वार कोपर-खांद्यातून निघतो. तलवारीत मात्र मनगट मोकळे असते. तानाजी मालुसरे यांची समाधी असलेले उमरठ ज्या पोलादपूर तालुक्यात आहे, तेथील वाचकांना हा भेद नवा नसावा. मूठ बदलली की राबणारा अवयवही बदलतो. ‘स्ट्रीट फायटर’ वा ‘टेक्केन’ खेळणाऱ्याने कंट्रोलर निवडताना प्रथम हाच विचार करावा.

साध्या पॅडवर दिशा देण्याचे सारे काम डाव्या अंगठ्याकडे येते. खाली, तिरके, पुढे अशी पाव वर्तुळाची हालचाल शेकडो वेळा केली की अंगठ्याला फोड येतो; अतिरेक झाल्यास अंगठ्यालगतच्या मनगटातील स्नायुबंधाच्या आवरणाला सूज येते. असे असले तरी पॅडला कमी लेखणे चुकीचे ठरेल. २०१४ मध्ये लास व्हेगासच्या ‘इव्हो’ स्पर्धेत फ्रान्सच्या ‘लफी’ने ‘अल्ट्रा स्ट्रीट फायटर ४’चे विजेतेपद पहिल्या प्लेस्टेशनच्या जुन्या पॅडवर मिळविले होते. शिवाय ‘टेक्केन’मध्ये दोन हात व दोन पाय यांना प्रत्येकी एक, अशी चारच मुख्य बटणे लागतात. ती पॅडच्या उजव्या बाजूस चपखल बसतात. १९९१ च्या ‘स्ट्रीट फायटर २’पासून चालत आलेल्या सहा बटणांसाठी मात्र बहुतेक पॅडवर वरच्या कडेची बटणे वापरावी लागतात आणि तर्जनीची तारांबळ उडते.

आर्केड स्टिक ही जुन्या व्हिडिओ गेम पार्लरची देणगी. तिच्यात मनगट व हात राबतात, अंगठ्याला विश्रांती मिळते, सहाही बटणे बोटांखाली राहतात. ती जड असते, मांडीवर वा टेबलावर ठेवावी लागते आणि सवय होण्यास काही आठवडे जातात. तिचा खरा गुण दुरुस्तीचा आहे. जपानी ‘सान्वा’ बनावटीची बटणे व दांडा डाग न देता, तारा काढून बदलता येतात. गणपतीला वा शिमग्याला महाड-पोलादपूरकडे गावी जाणाऱ्या खेळाडूला सुट्टीत बटण बिघडले म्हणून मुंबई-पुण्याची वाट धरावी लागत नाही. जवळ दोन सुटी बटणे असली की भागते. पॅडच्या आतील रबर झिजले तर घरच्या घरी एवढे सोपे काम होत नाही. (कोकणातील पावसाळ्यात कोणतेही यंत्र उघड्यावर न ठेवता सिलिका जेलच्या पुडीसह डब्यात ठेवावे, हे वेगळे सांगावयास नको.)

तिसरा प्रकार दांडाच नसलेल्या कंट्रोलरचा. येथे दिशांनाही बटणे असतात आणि उडी अंगठ्याने मारली जाते. दांडा एका टोकाकडून दुसऱ्या टोकास नेण्याचा वेळ वाचतो. खेळातील एक चौकट सेकंदाचा साठावा भाग, म्हणजे सुमारे १७ मिलिसेकंद असते, तेव्हा ही बचत नगण्य नव्हे. पण डावे-उजवे एकाच वेळी दाबता येत असल्याने वादही झाले. २०२३ मध्ये ‘कॅपकॉम’ने आपल्या स्पर्धांसाठी नियम केला, की परस्परविरुद्ध दिशा एकत्र दाबल्यास त्या एकमेकींना रद्द कराव्यात. स्पर्धेत उतरणाऱ्याने खरेदीपूर्वी ही सोय तपासावी.

तारेचा कंट्रोलर घ्यावा, हे तिन्ही प्रकारांना लागू आहे.

नवख्याने मात्र लगेच महागडी स्टिक घेऊ नये. घरात असलेल्या पॅडवर आधी महिना-दोन महिने खेळावे. २०२३ च्या ‘स्ट्रीट फायटर ६’मध्ये विशेष चाली सोप्या बटणांवर देणारी ‘मॉडर्न’ पद्धतही उपलब्ध आहे. त्यानंतर अंगठा दुखू लागला तर स्टिक, आणि मनगट दुखू लागले तर बटणांचा कंट्रोलर पाहावा. दोन्ही दुखत असल्यास आधी डॉक्टरांना दाखवावे.