बैलकुप्प्याची देवालये आणि ती घडविणारे हात

म्हैसूरहून मडिकेरीकडे जाणाऱ्या रस्त्याने हुणसूर व पिरियापट्टण ही गावे मागे टाकली की, कावेरी ओलांडून कुशालनगरात शिरण्याआधी डावीकडे बैलकुप्प्याच्या वसाहतीकडे जाणारी वाट फुटते. नावातील ‘बैल’ आपला नव्हे. कन्नडात ‘बयलु’ म्हणजे मोकळे माळरान. कूर्गच्या सहलीस निघालेली आपली मंडळी येथे तास-दीड तास थांबतात, सुवर्णमंदिरातील प्रचंड मूर्तींपुढे छायाचित्रे काढतात, तिबेटी पद्धतीचा ‘मोमो’ चाखतात आणि पुढे निघतात. ह्या देवालयांच्या भिंती कोणी रंगविल्या, छताची नक्षी कोणी आखली आणि त्या माणसांनी ही विद्या कोठून आणली, असा प्रश्न फारच थोड्यांना पडतो. तो पडावा, कारण त्याचा धागा आपल्या अजिंठ्यापर्यंत येऊन पोहोचतो.

चित्रांची प्रदर्शने भरविणे, जुन्या वास्तूंचा जीर्णोद्धार करणे आणि घरा-मंदिरांची अंतर्गत रचना सजविणे हे आज तीन स्वतंत्र व्यवसाय झाले आहेत. त्यांची विद्यालये वेगळी, पदव्या वेगळ्या. बैलकुप्प्यास मात्र गेल्या साठ वर्षांत ही तिन्ही कामे एकाच परंपरेतील माणसे करीत आली, आणि ती कामे तीन आहेत असेही त्यांना वाटत नाही.

मार्च १९५९ मध्ये ल्हासात उठाव झाला, तो मोडून काढला गेला आणि दलाई लामा सीमा ओलांडून भारतात आले. त्यांच्या मागोमाग हजारो निर्वासित आले. त्यांना वसविण्यासाठी केंद्र सरकारने राज्यांकडे जमीन मागितली, तेव्हा तत्कालीन म्हैसूर राज्याने बैलकुप्प्याजवळची सुमारे ३,००० एकर जंगलजमीन दिली. १९६०-६१ मध्ये तेथे पहिली वसाहत उभी राहिली. तिचे नाव लुगसुंग सामदुपलिंग. १९६९ मध्ये शेजारीच डिकी लारसो ही दुसरी वसाहत झाली. पहिली वर्षे फार हालाची होती. थंड कोरड्या पठारावर वाढलेली ही माणसे दमट जंगलात आली, झाडे तोडून त्यांनी मक्याची शेते केली, आणि रानहत्ती येऊन ती शेते तुडवू लागले. अशा वेळी चित्रे व मूर्ती सुचतात कोणाला? पण सुचल्या, हे ह्या इतिहासातील पहिले आश्चर्य होय.

पूर्व तिबेटातील खाम प्रांतात पल्युल नावाचा न्यिंगमा पंथाचा मठ १६६५ मध्ये स्थापन झाला होता. त्याचे अकरावे गादीधर पेनोर रिंपोचे (१९३२–२००९) हे चिनी फौजांपुढून निघाले तेव्हा त्यांच्यासोबत सुमारे तीनशे माणसे होती आणि भारतात पोहोचली ती तीसेक, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. १९६३ मध्ये त्यांनी बैलकुप्प्यास मठाचा आरंभ केला, तो बांबूच्या एका लहानशा देवघराने. पुढे पक्की इमारत उभारताना ते स्वतः मूठभर भिक्षूंबरोबर विटा वाहत व चुना-सिमेंट कालवीत. हाच आजचा नामद्रोलिंग मठ. ल्हासाजवळचा सेरा मठ तर १४१९ चा, त्सोंगखापांचे शिष्य शाक्य येशे यांनी स्थापिलेला. त्याचे वाचलेले भिक्षू आधी बंगालातील बक्सा येथे ठेवले गेले. ब्रिटिश आमदानीत जेथे राजबंद्यांना कोंडीत, तीच ही जागा. तेथील दमट हवेत क्षयाने अनेकांचा बळी घेतला. उरलेल्यांपैकी सुमारे तीनशे भिक्षू १९७० च्या सुमारास बैलकुप्प्यास आले, आणि सेरा-जे व सेरा-मे ह्या दोन्ही विद्यापीठांची पुन्हा स्थापना झाली.

मूळ मठांचे काय झाले? १९५९ नंतर आणि विशेषतः १९६६ ते १९७६ ह्या सांस्कृतिक क्रांतीच्या दशकात तिबेटातील बहुसंख्य मठ उद्ध्वस्त झाले. भिंतींवरील चित्रे, धातूच्या मूर्ती, पोथ्या यांची अपरिमित हानी झाली. म्हणजे बैलकुप्प्याच्या कारागिरांपुढे जीर्णोद्धारासाठी जीर्ण अशी वस्तूच नव्हती. होती ती केवळ मापे आणि ती मापे पाठ असलेले हात.

ह्या मापांविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. तिबेटी चित्रकार पट आखण्यास बसला की प्रथम उभी मध्यरेषा काढतो. तिच्यावर देवतेच्या प्रकाराप्रमाणे अंगुलांची विभागणी करतो. बुद्धमूर्तीस एका परंपरेत १२० आणि दुसरीत १२५ अंगुले. मुख केवढे, खांदे केवढे, आसनस्थ गुडघ्यांमधील अंतर केवढे, सारे ठरलेले. आपल्याकडे मूर्तिकार ‘ताल’ म्हणतात, तीच ही कल्पना. ती तिबेटात गेली भारतातूनच. नग्नजिताच्या नावावर असलेला ‘चित्रलक्षण’ हा चित्रविद्येवरील ग्रंथ संस्कृतात लुप्त झाला, परंतु त्याचे तिबेटी भाषांतर तंजूर ह्या ग्रंथसंग्रहात सुखरूप राहिले. बर्थोल्ड लाउफर ह्या जर्मन पंडिताने १९१३ मध्ये ते प्रसिद्ध केले, तेव्हा आपला हरवलेला ग्रंथ आपल्याला पुन्हा वाचावयास मिळाला. ज्या देशाने आपली पोथी हजार वर्षे सांभाळली, त्या देशाच्या पोथ्या सांभाळण्याची पाळी पुढे म्हैसूर जिल्ह्यावर आली. योगायोगांची ही उलटापालट कोणा कादंबरीकाराने रचली असती तर आपण तिला ओढूनताणून आणलेली म्हटले असते!

पट तयार करण्याची रीतही जुनीच. सुती कापड चौकटीवर ताणावयाचे, खडूची पूड व सरस यांचा लेप दोन्ही अंगांनी द्यावयाचा, गुळगुळीत दगडाने घोटून त्याचा खरखरीतपणा घालवावयाचा. मग रेखाटन, मग सपाट रंग, मग छाया, सोन्याची कलाकुसर, आणि सर्वांत शेवटी डोळे. निळा रंग अझुराइट ह्या खनिजाचा, हिरवा मॅलाकाइटचा, तांबडा हिंगुळाचा. निर्वासित जीवनात हे महाग रंग मिळणे कठीण, त्यामुळे बाजारी रंग आले. मातीच्या गिलाव्याऐवजी सिमेंट आले. प्रामाणिकपणे सांगावयाचे तर बैलकुप्प्याच्या काही सभागृहांत रंगांचा भडकपणा डोळ्यांना टोचतो. पाचशे वर्षांच्या दिव्यांच्या काजळीने व हातांच्या स्पर्शाने जी मवाळ झाक येते, ती नव्या सिमेंटवर कोठून येणार? परंतु जुन्या मठातील चित्रेही पहिल्या दिवशी अशीच झगझगीत असली पाहिजेत, हेही विसरून चालणार नाही.

अंतर्गत रचनेत मात्र ह्या लोकांनी फारशी तडजोड केलेली नाही. द्वारमंडपात चार दिक्पाल आणि भवचक्र. आत खांबांच्या रांगा, मध्यभाग उंच उचलून त्याच्या खिडक्यांतून उतरणारा प्रकाश, भिक्षूंच्या बैठका मधल्या वाटेकडे तोंड करून. कंजूर-तंजूरच्या पोथ्यांची कपाटे, खांबांवरून लोंबणारी रेशमी वस्त्रे. शिखरावर धर्मचक्र आणि त्याच्या दोन बाजूंस हरिणे. सारनाथच्या मृगदावाची ही आठवण. २४ सप्टेंबर १९९९ रोजी उद्घाटन झालेल्या नामद्रोलिंगच्या पद्मसंभव विहारात, ज्याला लोक सुवर्णमंदिर म्हणतात, मधोमध बुद्ध आणि दोन बाजूंस पद्मसंभव व अमितायु यांच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या मूर्ती आहेत. ह्या मूर्ती पोकळ असल्या तरी रित्या नाहीत. त्यांच्या पोटात पोथ्या, थोरांचे अवशेष, मातीचे छोटे स्तूप व लहान मूर्ती ठेवलेल्या आहेत. जे कोणाला कधी दिसणार नाही, तेही कारागिराच्या कामाचा भाग असते.

आता आपल्या अजिंठ्याकडे वळू. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ ह्या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस ती लेणी पडली. १८४४ मध्ये रॉबर्ट गिल यांची चित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी नेमणूक झाली. त्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे त्यात घातली. त्या प्रतिकृती लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये प्रदर्शनार्थ लागल्या आणि १८६६ च्या आगीत बहुतेक भस्म झाल्या. मग मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी पेस्तनजी बोमनजी आदी विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ ते १८८५ पर्यंत पुन्हा तेच काम केले. त्यांतील बऱ्याच प्रतिकृती साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात १८८५ मध्ये जळाल्या. दोनदा आग! पण त्याहून वाईट गोष्ट लेण्यांतच घडत होती. चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून प्रतिकृतिकारांनी मूळ भिंतींवर वार्निश चढविले. निजाम सरकारने १९२० च्या सुमारास आणलेल्या चेक्कोनी व ओर्सिनी ह्या इटालियन तज्ज्ञांनी सुटणारा गिलावा पक्का करण्याचे मोठे काम केले, पण लाखेचा थर त्यांनीही दिला. ते थर पुढे पिवळे-काळे पडले, आणि ते उतरविण्याचे काम पुरातत्त्व खात्याला पिढ्यान् पिढ्या पुरले. ह्या साऱ्या मंडळींचा हेतू शुद्ध होता, कष्ट अपार होते. मात्र त्यांच्यापाशी ती चित्रे काढणाऱ्यांची परंपरा नव्हती. भिंत उरली होती, हात केव्हाच नाहीसे झाले होते. बैलकुप्प्यास नेमके उलट घडले.

ह्या दोन टोकांना जोडणारा एक माणूस म्हैसूरचाच आहे. के. वेंकटप्पा (१८८६–१९६५) हे म्हैसूर दरबारच्या चितारी घराण्यातले. कलकत्त्याच्या कलाशाळेत ते अवनींद्रनाथांपाशी शिकले. १९०९ ते १९११ च्या हिवाळ्यांत लेडी हेरिंगहॅम अजिंठ्याच्या प्रतिकृती करण्यास आल्या तेव्हा नंदलाल बोस, असितकुमार हालदार यांच्याबरोबर वेंकटप्पाही तेथे होते. पुढे म्हैसूर राजवाड्यासाठी त्यांनी प्लास्टरमधील उत्थित शिल्पे केली. तो राजवाडाही पुनर्रचनेचाच एक प्रकार. जुना लाकडी वाडा १८९७ मध्ये जळाला आणि हेन्री आयर्विन यांच्या आराखड्याने नवा १९१२ मध्ये पूर्ण झाला. त्याच्या कल्याणमंडपात दसऱ्याच्या मिरवणुकीची चित्रे भिंतींवर आहेत. चित्रकारांनी ती छायाचित्रांच्या आधारे रंगविली. आपल्याकडे मुंबईच्या कलाशाळेनेही ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या काळात भित्तिचित्रणाचा वर्ग चालविला. १९२४ च्या वेम्ब्ली प्रदर्शनासाठी त्या विद्यार्थ्यांनी एक अख्खे ‘भारतीय दालन’ सजविले आणि काही वर्षांनी नव्या दिल्लीच्या सचिवालयाच्या भिंतीही रंगविल्या. रावबहादुर धुरंधरांचा त्यात वाटा होता. दुर्दैव असे की, तो वर्ग ही परंपरा न होता एक उपक्रमच ठरला.

प्रदर्शनाचा बैलकुप्प्यातील अर्थही वेगळा आहे. आपण दर्शन आणि प्रदर्शन हे दोन शब्द वेगळे ठेवतो. तेथे ते वेगळे करता येत नाहीत. तिबेटी नववर्षाच्या सुमारास, म्हणजे साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये, नामद्रोलिंगच्या प्रांगणात लामांची मुखवटानृत्ये होतात आणि एक अतिविशाल पट उलगडला जातो. काही काळाने तो पुन्हा गुंडाळून ठेवतात. रंगीत वाळूचे मंडल तर दिवसेंदिवस खपून करावयाचे आणि विधी झाला की पुसून वाळू पाण्यात सोडावयाची. पाश्चात्त्य देशांत तिबेटी भिक्षू संग्रहालयांतून अशी मंडले करून दाखवितात, तेव्हा प्रेक्षकांना सर्वांत अधिक धक्का बसतो तो त्या पुसण्याचा. गणपती विसर्जित करणाऱ्या मराठी माणसाला त्यात नवल वाटू नये.

वास्तुसंरक्षणाच्या शास्त्रात ह्याविषयी मोठा वाद झालेला आहे. १९६४ च्या व्हेनिस सनदेने असे तत्त्व घातले की, जेथे अनुमान सुरू होते तेथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. मूळ दगड, मूळ चुना हाच पुरावा. नामद्रोलिंगचा बांबूचा मांडव तेव्हा वर्षाचा होता. ह्या कसोटीवर बैलकुप्प्याची देवालये नवी बांधकामे ठरतात, वारसा नव्हे. तीस वर्षांनी, १९९४ मध्ये, जपानमधील नारा येथील दस्तऐवजाने मान्य केले की, अस्सलपणाचा निकष प्रत्येक संस्कृतीत एकच असू शकत नाही, आणि परंपरा व तंत्र यांनाही त्यात स्थान आहे. आपल्याला हे नवे नाही. अहिल्याबाईंनी १७८० मध्ये काशीविश्वेश्वराचे मंदिर नव्याने उभारले, त्याला कोणी नक्कल म्हणत नाही. तरीही प्रस्तुत लेखकाचे मत असे की, नाराचा आधार घेऊन अजिंठ्याच्या भिंतीला नव्या रंगाचा हात लावणे हा अपराधच होईल. जेथे हात तुटला आहे, तेथे भिंतच जपली पाहिजे.

बैलकुप्प्यापुढे आज वेगळीच अडचण आहे. वसाहतीतील तरुण शिक्षणासाठी बंगळूर-दिल्लीस आणि तेथून अमेरिका-कॅनडास जात आहेत. पट रंगविण्यास शिकणे हे कित्येक वर्षांचे काम, कामावर सही करण्याची रीत नाही, आणि पर्यटकाला छापील पट स्वस्त पडतो. धरमशालेजवळ १९८८ मध्ये स्थापन झालेल्या नोर्बुलिंका संस्थेसारख्या ठिकाणी चित्र, मूर्ती व काष्ठकाम यांचे पद्धतशीर शिक्षण चालते. पण मठांतील काम पूर्वी जसे गुरूच्या मांडीशी बसून शिकले जाई, तसे किती काळ चालेल हे त्या तरुणांच्याच हाती आहे. दरम्यान पेनोर रिंपोचे यांनी हयातीतच खाममधील आपल्या मूळ पल्युल मठाच्या पुनर्बांधणीस साह्य केले, आणि तिकडच्या भिंतींवर पुन्हा चित्रे आली. २००९ च्या मार्चमध्ये ते बैलकुप्प्यास निवर्तले. त्यांचे अवशेष नामद्रोलिंगच्याच आवारात स्तूपात ठेवलेले आहेत.

मंडळाची सहल पुन्हा त्या रस्त्याने जाईल तेव्हा सुवर्णमंदिरातील मोठ्या मूर्ती पाहून झाल्यावर बाजूच्या भिंतींपाशीही थोडे थांबावे. माणसाच्या उंचीच्या पट्ट्यात, डोळ्यांसमोर येतील अशी, चित्रकारांची खरी कसोटीची कामे आहेत. तेथील बोटांची वळणे आणि वस्त्रांच्या चुण्या सावकाश पाहाव्यात, आणि अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणी ज्यांनी पाहिला असेल त्यांनी त्याचा हात आठवावा.