दुधाच्या कॅनमध्ये पुरलेले कागद



इथे इस्राएलमध्ये योम हाशोआला सकाळी दहा वाजता भोंगा होतो. गाड्या रस्त्यातच थांबतात, माणसे खाली उतरून उभी राहतात, आपणही राहतो. मग घरी आल्यावर चहा घेताना कोणी तरी हळूच म्हणते, "हे त्यांचं दुःख, अश्केनाझींचं. आपल्या कोकणात असलं काही झालं नाही." ते खरेच आहे. आपल्या वाडवडिलांना ज्यू म्हणून कोणी गावातून हाकलले नाही. उलट हिटलरच्या राज्यातून निसटलेली माणसे मुंबईच्या बंदरात उतरली आणि त्यांच्या मदतीसाठी तिथे १९३४ साली ज्यूइश रिलीफ असोसिएशन निघाली. हा इतिहास आपल्याकडच्या बऱ्याच जणांना माहीत आहे.

तरीही आज आम्ही वॉर्साच्या कागदांबद्दल लिहितो आहोत, आणि ते आमच्या पेशामुळे. नर्सचे निम्मे आयुष्य नोंदी करण्यात जाते. नाडी, ताप, श्वास, किती खाल्ले, किती लघवी झाली. ड्यूटी संपताना पाय कितीही दुखत असले तरी चार्ट पुरा केल्याशिवाय घरी जायचे नाही, हे डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी अंगात भिनवतात. म्हणून उपासमारीने मरणाऱ्या शहरात डॉक्टर-नर्सांनी चार्ट भरले, हे पहिल्यांदा वाचले तेव्हा आम्ही बाकी सगळे बाजूला ठेवून तेच वाचत बसलो.

१९४० च्या नोव्हेंबरात जर्मनांनी वॉर्सामधल्या ज्यू वस्तीभोवतीची भिंत बंद केली. आत चार लाखांहून जास्त माणसे कोंडली गेली. १९४१ मध्ये ज्यूंना मिळणारे अधिकृत रेशन दिवसाला दोनशे कॅलरींपेक्षाही कमी होते. म्हणजे दोन पोळ्यांचेही नाही. चोरून आत येणाऱ्या धान्यावर शहर जगत होते, आणि ते चोरून आणणारी बरीचशी लहान मुले होती, कारण भिंतीतल्या भोकातून तीच जाऊ शकत.

त्याच महिन्यात इमॅन्युएल रिंगेलब्लुम या इतिहासकाराने आपल्या काही माणसांना जमवले. शनिवारी भेटायचे, म्हणून गटाचे गुप्त नाव ठेवले 'ओनेग शब्बात'. आपल्याकडे ओनेग शब्बात म्हटले की गाणी आणि खाणे आठवते. इथे मात्र त्या नावाआड एक कचेरीच चालत होती. शिक्षक, पत्रकार, रब्बाय, अर्थशास्त्राचे जाणकार, अशा पन्नास-साठ जणांनी कामे वाटून घेतली. कोणी निर्वासितांच्या मुलाखती घेई, कोणी शाळेतल्या मुलांकडून निबंध लिहून घेई. रिंगेलब्लुमचा आग्रह असा की पुढाऱ्यांचेच नको, सगळ्यांचे लिहा, आणि आत्ता लिहा, कारण पुढच्या महिन्यात आजचा दिवस वेगळा आठवेल.

त्यांनी काय काय ठेवले ते बघा. रेशनकार्डे, ट्रामची तिकिटे, गोळ्या-चॉकलेटचे कागद, जर्मन हुकमांची पोस्टरे, कार्यक्रमांची निमंत्रणे, एकेका खोलीत कोंबलेल्या कुटुंबांपैकी कोणासाठी किती वेळा बेल वाजवायची त्याची यादी. सफाईत आपण केराच्या डब्यात टाकू अशा या वस्तू. पण साठ लाख हा आकडा ऐकून मन बधिर होते, आणि दाराजवळची ती बेलची यादी वाचताना कोणी तरी आपल्या मावशीला भेटायला जिना चढून आलेले दिसते.

आता हॉस्पिटलचे. १९४२ च्या फेब्रुवारीत घेट्टोच्या आरोग्य विभागाचे प्रमुख डॉ. इझ्रायल मिलेयकोव्स्की यांनी उपासमारीचा शास्त्रीय अभ्यास सुरू करवला. अठ्ठावीस डॉक्टर, एक मोठ्यांचे हॉस्पिटल आणि एक मुलांचे. लागणारी उपकरणे चोरून भिंतीच्या आत आणली. दुसरा आजार नसलेले, फक्त भुकेने खंगलेले रोगी निवडले. त्यांची मंदावलेली नाडी, खाली गेलेला रक्तदाब, थंड पडत जाणारे शरीर, पायांवरची सूज, सारे लिहून ठेवले. क्षयाच्या रोग्यांमध्येही ट्युबरक्युलिनची टेस्ट निगेटिव्ह येऊ लागते, म्हणजे शरीराची लढायची ताकदच संपत जाते, हे त्यांनी टिपले. अन्न देऊन बरे करता येईल अशा रोगाचा ते अभ्यास करत होते, आणि अन्नच नव्हते. तपासणारे डॉक्टरही उपाशीच होते.

आमच्या वॉर्डात पूर्वी पोलंडची एक आजी होत्या. रोज सकाळी वजन केले की तो आकडा त्या आम्हाला मोठ्याने म्हणायला लावत, आणि ऐकून मान हलवत. कधी सांगितले नाही का ते, आम्हीही विचारले नाही. हा अभ्यास वाचताना त्या डोळ्यांसमोर आल्या.

२२ जुलै १९४२ ला ट्रेब्लिंकाकडे गाड्या सुटू लागल्या आणि दोन महिन्यांत अडीच लाखांहून जास्त माणसे नेली. त्याच्या चारच दिवस आधी डॉ. यानुश कोर्चाक यांच्या अनाथाश्रमातल्या मुलांनी रवींद्रनाथ टागोरांचे 'डाकघर' करून दाखवले होते. वॉर्साच्या त्या दिवसांत आपल्या देशाचे नाव येते ते असे. अभ्यास अर्धवट थांबला. उरलेल्या डॉक्टरांनी हाती लागले ते लिहून पुरे केले आणि हस्तलिखित भिंतीबाहेर विटोल्ड ओर्लोव्स्की या पोलिश प्रोफेसरांकडे पोचवले. त्यांनी ते लपवून ठेवले. १९४६ मध्ये ते छापले गेले. लिहिणाऱ्यांपैकी बहुतेक तोवर जिवंत नव्हते.

नोंदवहीत न मावणाऱ्या गोष्टीही तिथे घडत होत्या. मुलांच्या हॉस्पिटलमध्ये अदिना श्वायगेर ही तरुण डॉक्टर होती. सप्टेंबर १९४२ मध्ये जर्मन हॉस्पिटल रिकामे करायला आले, तेव्हा मुलांना त्यांच्या हातांनी मरण येऊ नये म्हणून तिने त्यांना मॉर्फिन पाजले. ती स्वतः वाचली, युद्धानंतरही मुलांची डॉक्टर म्हणून राबली, आणि चाळीसहून जास्त वर्षांनी तिने हे लिहिले. पुस्तकाच्या पोलिश नावाचा अर्थ होतो, 'आणि आणखी मला काही आठवत नाही'. आम्ही आयुष्यभर मॉर्फिनच्या कपाटाची किल्ली सांभाळली, दर डोसाला दोन सह्या. ते पान आम्हाला एका बैठकीत वाचवले नाही. तिने केले ते बरोबर की चूक, हे ठरवायचा अधिकार आम्हाला नाही असे आम्ही समजतो. पण तिने ते लिहिले नसते तर त्या मुलांचा शेवट कोणालाच कळला नसता, कारण कुठल्याही चार्टवर तो लिहिलेला नव्हता.

गाड्या सुटू लागल्यावर ओनेग शब्बातच्या लोकांनी कागद पुरायला घेतले. ऑगस्टच्या सुरुवातीला नोव्होलिप्की रस्त्यावरच्या ६८ नंबरच्या शाळेच्या तळघरात इझ्रायल लिख्टेनश्टाइन या शिक्षकाने आणि त्याच्या दोन विद्यार्थ्यांनी पत्र्याचे दहा डबे पुरले. घाईत स्वतःबद्दल चार ओळी लिहून त्यांनी त्याही आत टाकल्या. त्यांतला एक मुलगा एकोणीस वर्षांचा होता. पुढच्या फेब्रुवारीत त्याच ठिकाणी ॲल्युमिनियमचे दुधाचे दोन कॅन गेले. रिंगेलब्लुम बायको आणि मुलासह बाहेर एका भुयारात लपला होता, तिथे मार्च १९४४ मध्ये तिघेही पकडले जाऊन मारले गेले. सगळ्या गटातून वाचले तिघेच: हेर्श वासेर, त्याची बायको ब्लुमा आणि राहेल आउअरबाख.

या राहेलबाईंबद्दल थोडे जास्त लिहिणे आम्हाला भाग आहे. त्या पत्रकार. युद्ध सुरू झाल्यावर वॉर्सा सोडून जायच्या बेतात होत्या, तर रिंगेलब्लुमने थांबवून लेश्नो रस्त्यावरच्या ४० नंबरमध्ये सूपचे अन्नछत्र चालवायला दिले. रांगेतली माणसे एकेक करून कमी होताना बघून त्यांनी लिहून ठेवले की या पातळ सूपने कोणी वाचत नाही, मरण फक्त लांबते. ज्याने रुग्णसेवा केली आहे त्याला हे लिहायला काय पडते ते कळेल. ट्रेब्लिंकाहून पळून आलेल्या आब्राहाम क्शेपित्स्की या तरुणाची सविस्तर जबानीही त्यांनीच घेतली.

युद्ध संपले तेव्हा घेट्टोच्या जागी विटांचे ढीग होते. शाळा कुठे होती तेही ओळखू येत नव्हते. राहेलबाई सभांमधून लोकांना सांगत राहिल्या की खाली कागद आहेत, खणा. १८ सप्टेंबर १९४६ ला डबे सापडले. आत पाणी शिरले होते, कागद भिजून चिकटले होते, ते एकेक सोडवून वाळवावे लागले. कॅन मात्र १ डिसेंबर १९५० ला चांगल्या स्थितीत निघाले. दोन्ही साठे मिळून सुमारे पस्तीस हजार पाने. तिसरा साठा अजून सापडलेला नाही.

१९५० मध्येच राहेलबाई इस्राएलला आल्या. १९५४ पासून तेल अवीवमध्ये याद वाशेमच्या वतीने त्यांनी वाचलेल्यांच्या जबान्या गोळा करायचा विभाग उभा केला. काही इतिहासकारांना वाचलेल्यांच्या आठवणींवर विश्वास नव्हता. त्यांना सरकारी कागद हवे होते, आणि ते कागद बहुतेक मारणाऱ्यांनीच लिहिलेले. बाई त्यांच्याशी भांडल्या. आमचे मत बाईंच्या बाजूने आहे. रोगी काय सांगतो ते न ऐकता नुसता रिपोर्ट वाचून निदान करणारे डॉक्टर आम्ही पुष्कळ पाहिले. १९६१ च्या आइखमानच्या खटल्यातही बाईंनी साक्ष दिली.

आपली काही कुटुंबे त्याच वर्षांत इथे येऊन तंबूत, मग पत्र्याच्या खोल्यांत राहत होती. शेजारच्या खोलीत पोलंडची माणसे असत. भाषा कळत नसे, पण एकाच नळाला पाणी भरायचे. त्या शेजाऱ्यांपैकी कोणाकोणाची जबानी राहेलबाईंच्या माणसांनी लिहून घेतली असेल. वॉर्सामध्ये त्वोमात्स्कीए रस्त्यावरच्या ज्यू इतिहास संस्थेत दुधाचा एक कॅन ठेवला आहे, दुसरा वॉशिंग्टनच्या म्युझियमला दिलेला आहे. अमेरिकेतल्या आपल्या लोकांना तो सहज पाहता येईल. साधाच कॅन आहे, मुंबईला पहाटे भैया सायकलला अडकवून आणायचा तसा.